सुटलेला दोरा

पूर्व भागातले माग रात्री अकराला थांबतात,
कानातले अर्धा तास उशिरा.
मग मी लॅपटॉप उघडते.

पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, कुठल्याशा डोंगरावर
एक दुर्बीण रोज आभाळ उलगडत जाते,
ताग्यावर तागा,
कुणी बघो न बघो.
त्यातले चार तुकडे माझ्या वाट्याला :
एकाच जागेचे, वीस-वीस मिनिटांनी टिपलेले.
तारे जागच्या जागी.
हलेल तो ठिपका आपला.
बहुतेक वेळा तोही आधीच कुणाच्या तरी वहीत असतो.

नायना टॉवेलच्या कारखान्यात तपासणीला.
दिवसाला बाराशे नग.
डोळे मोतीबिंदूने निम्मे नेले,
राहिलेलं बोटं बघतात :
इथे गाठ, इथे तार तुटली,
हा टाक दुय्यम मालात.

मे महिना. गच्चीची फरशी मध्यरात्रीही तापलेली.
झोप येईना म्हणून ते उघड्या अंगाने
माझ्या मागे येऊन बसले.
मी म्हटलं, हा नुसता दगड,
मंगळ नि गुरूच्या मधला,
तिकडे असल्यांची रास पडलीय.
त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं
(डाग पडतो, मी ओरडणारच होते)
आणि म्हणाले,
"गाठ नाही गं ही. दोरा सुटलाय."

मी मोठं केलं. काळ्याचं पांढरं केलं.
ठिपक्याच्या एका अंगाला
नख ओढल्यासारखं पुसट काही,
चारही तुकड्यांत, एकाच दिशेला.

उत्तर यायला दीड महिना लागला.
शेपूट खरं होतं.
नाव दुर्बिणीचं लागलं.
मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही.
नायना अंगठ्याचं नख घासत म्हणाले,
"चादरीवर विणणाऱ्याचं नाव पाहिलंस कधी?"
समजूत काढत नव्हते. विचारत होते.

पाचव्या दिवशीचं पाणी पहाटे साडेतीनला आलं.
पिंपं भरता भरता मी सांगत राहिले :
वरून कोरडा ठणठणीत, पण पोटात बर्फ;
सूर्याकडे वळला की त्याची वाफ होते,
धूळ घेऊन बाहेर पडते.
"कितव्या दिवशी?"
साडेपाच वर्षांतून एकदा, मी म्हटलं,
तेही थोडंच.

त्यांनी भरल्या पिंपातला पाइप
अंगठ्याने दाबून रिकाम्यात नेला.
एक थेंब खाली पडू दिला नाही.
"आणि तेवढंही सांडतोय," म्हणाले,
आणि वर बघितलं,
जिथे त्यांना काहीच दिसत नाही.