मधलं

भिलवडीच्या पुलाला पट्टी रंगवलेली आहे.
अठ्ठावीस वर्षं मी ती वाचली,
सकाळी आठला, संध्याकाळी पाचला,
आणि रजिस्टरात आकडे भरले.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडायचा,
हे साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं.

पाणी एका खुणेखाली गेलं
की दोन वळणं सोडून खाली
कृष्णेतून एक पाठ वर येते.
बेट वगैरे आम्ही म्हणत नाही.
अलीकडचं, पलीकडचं, आणि हे मधलं.

तलाठ्याच्या नकाशात तिथे नुसती नदी आहे.
सातबारा नाही, गट नंबर नाही,
भांडायचं म्हटलं तर बांधसुद्धा नाही.
एका साली कुणीतरी जाऊन वांगी लावली;
ऊदांनी त्या सरीतून रात्रभर शिवाशिवी खेळून
सकाळी वाळू सपाट करून ठेवली.

यंदा मेच्या अखेरीला, रिटायर झाल्यावर,
तातोबा अंबीच्या काहिलीतून गेलो.
काहील गुळाची. गुऱ्हाळ मोडलं, ती नदीला आली.
वल्ह्याच्या दर फटक्याला अर्धी गिरकी घेते,
म्हणून मधलं मला सलग दिसलंच नाही.
आधी वाळुंज,
महापुराने आडवं पाडलेलं, आणि आडव्यानेच पालवलेलं.
मग अंकलखोपचा ऊस.
मग लव्हाळ्यात अडकलेली लहान मुलाची पिवळी चप्पल
आणि तिच्यावर उभा राहून शेपूट हलवणारा धोबी.
मग भिलवडीचा ऊस.
मग पाणकावळ्यांनी चुना फासलेला खडक.

डोक्यावर नदीसुरय, काळी टोपी, पिवळी चोच,
आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.
तिचं घरटं म्हणजे काय,
तर टाच रुतावी एवढा खळगा,
त्यात तीन अंडी वाळूच्या रंगाची,
वाळूनेच घातल्यासारखी.

'पाय ठिवायचा न्हाई,' तातोबा म्हणाला,
'तिचं बाळंतपण चाललंय.'
मला वाटलं, सुरयेबद्दल बोलतोय.
त्याने हनुवटीने दाखवलं. तिथे ओंडका होता.
मग ओंडक्याने एक डोळा मिटला.

'दोन म्हैनं हितनं हललेली न्हाई.
वाळूखाली अंडी हायत.'
'किती?' मी विचारलं. सवय.
'मोजाय गेलेला माघारी आला, की सांगतो.'

कारखाना बंद, म्हणून भोंगा नाही.
मोटारींना वीज रात्रीची.
एवढी शांतता, की वाळूच्या पोटातला आवाज वर आला:
बेडकाचा म्हणावा, तर ओला नाही,
पाखराचा म्हणावा, तर त्याला अजून आभाळ माहीत नाही.
गुंक. गुंक.

ती उठली. घाई नाही.
गव्हात हात घालून खडे बघावेत
तशी पुढच्या पायाने वाळू उकरू लागली.
ज्या जबड्याची भीती घालून
आईने मला पोहायला शिकू दिलं नाही,
त्याच जबड्यात, दातांच्या कुंपणाआड
वीतभर पिल्लू,
टक्क डोळे उघडे.
पाण्याशी जाऊन तिने तोंड उघडलं
आणि मान हलवली,
सुपातून धान्य ओतावं इतकी अलगद.

तातोबाने वल्हं मांडीवर घेतलं.
काहील आपली आपण फिरत राहिली,
एकदा ती, एकदा ऊस, एकदा ती.

पुढच्या महिन्यात खूण बुडेल, मधलं जाईल.
माघात वर येईल तेव्हा
पन्नास हात खाली सरकलेलं असेल.
किंवा नसेलही.

संध्याकाळी पुलावर गेलो.
आता तिथे खांबाला यंत्र बसवलंय,
आकडे थेट सांगलीला जातात.
पट्टीवर शेवाळ. तरी वाचली.

घरी एक अर्धं राहिलेलं रजिस्टर आहे.
तारीख घातली, पातळी घातली,
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
मधलं आहे. माणूस नाही.
अक्षर बारीक करून खाली:
सतरा पिल्लं पाण्यात उतरली.
अठरावं असावं,
तेव्हा काहील फिरलेली होती.