मोजा

रात्री दोनला लाइट जाते, कूलर गप्प होतो
आणि मग ऐकू येतं:
चप. चप. चप.
डब्बा पंजा चाटून राहिला आहे.
"पुरे बे," मी म्हणते. तो थांबतो,
माझ्याकडे बघतो,
मी कूस बदलेपर्यंत वाट पाहतो,
आणि पुन्हा.

पुढचा उजवा. बोटांच्या मधली कातडी लाल, ओली,
भोवतीचे पांढरे केस
थुंकीने गंजाच्या रंगाचे झालेले.

उपाय सगळ्यांकडे होते.
शेजारच्या वऱ्हाडपांडेबाईंनी हळद आणि खोबरेल सांगितलं,
दूधवाल्याने कडुलिंबाचा पाला.
मी सगळं लावलं. त्याने सगळं चाटलं,
आणि पिवळी जीभ काढून दारात बसला
हळदीला आलेल्या पाहुण्यासारखा.

वाटलं, डांबर असेल.
मे महिन्यात अजनीच्या पुलावर चप्पलसुद्धा चिकटते.
म्हणून फिरणं पहाटे साडेचारला.
पण रस्ता गार, तरी चप चप सुरूच.

शेवटी ऑटो करून सेमिनरी हिल्स.
डॉक्टर गजघाटे, माझ्या भाचीएवढी पोरगी.
पंजा मांडीवर घेऊन तिने एकेक बोट उघडलं
चिकटलेली पानं सोडवावीत तसं.
काटा नाही. गोचीड नाही.
"फरशी कशाने पुसता काकू?"

"फिनाइलने."
"किती टाकता?"

बाटलीवर लिहिलंय, एक झाकण.
मी चार टाकते. सकाळी, आणि पुन्हा दिवेलागणीला.
दीड वर्षात हे कुणी विचारलंच नव्हतं.
शेवटचे चार महिने हे पलंगावर होते, पाठीला जखमा.
तो वास मी धुऊन काढला.
पलंग भाड्याचा होता, परत गेला.
मी धूतच राहिले.
मी पुसायची, आणि हा ओल्या फरशीवरून माझ्यामागे
पावलं उमटवत यायचा,
ती पावलं मी पुन्हा पुसायची.

नाव यांनीच ठेवलेलं. लोको शेडचा माणूस.
"बघ," म्हणायचे, "कपलिंग नाही, तरी मागे मागे."

मलम दिलं, दहा दिवसांच्या गोळ्या.
पंजा साध्या पाण्याने धुवा, बोटांच्या मधून कोरडा करा,
चाटू देऊ नका.
गळ्यात प्लास्टिकचा भोंगा बांधला होता,
तो पहिल्याच रात्री दाराला आपटून फुटला.

मग कपाट उघडलं.
खाकी मोजा. टाचेला मीच रफू केलेला.
जोडीतला एकच सापडला,
एकच हवा होता.
वर पट्टी, आत माझं बोट जाईल एवढी सैल.

आता तो चालतो तेव्हा
टक, टक, टक,
आणि चौथं पाऊल ऐकूच येत नाही.

आज फरशी नुसत्या पाण्याने पुसली.
फरशीला फरशीचाच वास आला.
दिवेलागणीला हातांना काही सुचेना,
बादली तीनदा उचलली, तीनदा ठेवली.

डॉक्टरने माझे हात पाहिले नाहीत.
अंगठ्याजवळची कातडी सोललीय,
रात्री अंधारात मी ती दातांनी कुरतडते.

मोज्यावरून मान उचलून डब्बा बघतो.
मी थांबते.
तो वाट पाहतो,
मी कूस बदलते का.