अकरा ते चार

तौसीफ, आधी खालची पट्टी वाच.
तास, दिवस, आठवडा, महिना, वर्ष.
लिंक एकच, पाथर्डी फाट्याच्या टॉवरवरून
अशोकनगरमधल्या एका गच्चीवर.
रेघा मात्र पाच,
एकच भांडण पाच शेजारणींनी सांगावं तशा.

तासाच्या आलेखात करवत दिसते नुसती.
बारा मिलिसेकंद, चौदा, अकरा,
मध्येच नव्वद, की पुन्हा बारा.
नवा माणूस त्या नव्वदला घाबरतो.
मीही घाबरायचे. रात्री दोनला गांगुर्डेंना उठवायचे,
आणि ते टॉवरखालून, कानटोपीतून सांगायचे,
"मॅडम, शिंक आली असेल त्याला."

मग एकदा दिवसाचा आलेख नीट पाहिला.
अकराला रेघ ताडकन उभी, दोनशे चाळीसवर.
आणि मग उतरते,
सावकाश,
दुपारभर,
चारला पुन्हा बारा, काही झालंच नाही अशी.

बिघाड असा उतरत नाही.
तो तुटतो, नाहीतर ठाण मांडतो.
ही उतरण कुणाच्या तरी हातची वाटली.

आठवड्यात तीच टेकडी सात वेळा.
शनिवारी एमआयडीसी बंद, तरी टेकडी.
रविवारीही.
म्हणजे कारखाना नाही, बँक नाही, शाळा नाही.
कुणीतरी असं, जिला सुट्टी नाही.
(हे तेव्हा सुचलं नव्हतं, आत्ता म्हणतेय.)
एका बुधवारी गोदेवरचं धुकं एकपर्यंत हललं नाही,
त्या दिवशी उतार पार अंधारापर्यंत लांबला.
हेही पाहिलं. तरी कळलं नाही.
राउटर बदलला, केबल बदलली,
पतपेढीच्या बॅकअपवर आळ घेतला.

महिन्यानं तारीख दिली:
सतरा नोव्हेंबरपर्यंत सपाट माळ,
अठरापासून टेकड्या.

ढोकळे साहेब वर्षाचाच आलेख बघतात.
तिथे सरासरी सगळं दळून देते,
अख्ख्या दिवसाचा एक ठिपका,
दोनशे चाळीसचे झाले छत्तीस.
"किंचित चढ आहे," म्हणाले, "ग्राहक वाढले असतील."

एक वाढला होता, हे खरं.

गांगुर्डे सव्वाअकराला गच्चीवर चढले, तिथूनच फोन:
"डिशसमोर दोरी आहे, मॅडम.
दोरीवर दुपटी. ओली. मोजली, एकोणीस."
मी विचारलं, बाळ घरी कधी आणलं?
त्यांनी जिन्यात वाकून कुणाला तरी विचारलं.
एक बाईचा आवाज, भांड्यांच्या मागून.
"अठराला," गांगुर्डे म्हणाले.

ओलं सुती कापड लहरी पिऊन टाकतं, तौसीफ,
वाळेल तसतसं सोडून देतं.
चाळीस दिवस मी ऊन वाचत होते
आणि त्याला बिघाड म्हणत होते.

दोरी हलवा, असं सांगायला कुणाचीच जीभ वळेना.
गांगुर्डेंनी खांब तीन फूट उंच केला,
नोंदवहीत लिहिलं: अडथळा, कापडी. निवारण झाले.
हे बघ, एकोणतीस डिसेंबर, इथे पायरी खाली उतरते.
पुढच्या वर्षी या सगळ्याचे दोन-तीन ठिपके उरतील,
ढोकळे साहेब म्हणतील, देखभाल चांगली आहे.

आता कुठल्याच आलेखात ती गच्ची नाही.
गांगुर्डे अधूनमधून जातात, खांब हलतोय का बघायला.
दोरी आहे म्हणतात अजून.
कपड्यांना बटणं आलीत.