डाव्या बुटावरचा डाग

प्रत्येक गिऱ्हाईक आधी टायरला लाथ मारतं,
मग विचारतं:
गास्पारे, खरं सांग,
या शहरात स्कूटर बरी की मोटरसायकल?

मी हात पुसत राहतो.
जेनोवा म्हणजे डोंगरावर वाळत घातलेलं शहर.
खाली समुद्र, वर चढ, चढावर पुन्हा चढ,
गल्ल्या अशा की समोरून कोणी आलं
तर दोघांपैकी एकाने पोट आत ओढायचं.
इथे सरळ उत्तर कुठून आणू?

म्हणून मीच उलट विचारतो.
वाटेत सिग्नल किती? सामान काय असतं?
गाडी रात्री कुठे झोपते?
आणि मागे कोण बसतं?

नोएमी त्राव्हेर्सो आली नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी.
बेकरीत रात्रपाळी,
केसांच्या मुळाशी अजून पीठ.
म्हणाली, स्कूटर बघायचीय.
सिग्नल सत्तावीस, पण पहाटे तीनला
सगळे नुसते पिवळे डोळे मिचकावतात.
सामान: एप्रन, छत्री, उरलीसुरली फोकाच्या.
गाडी जिन्याखाली झोपेल.
मागे?
"सध्या कोणी नाही."

त्या 'सध्या'वर मी हातातला पाना खाली ठेवला.

मग माझं पाठ झालेलं सुरू केलं.
पोरी, स्कूटर म्हणजे खुर्ची.
पायांपाशी मोकळी जागा,
तिथे पिठाचं पोतं मावतं, कुत्रं मावतं,
एकाने तर कमोड नेलेला, माझ्या डोळ्यांदेखत.
सीटखाली हेल्मेट राहतं. पावसात गुडघे कोरडे.
चाकं मात्र लहान;
खड्डा आला की देवाचं नाव घ्यायचं.

मोटरसायकलवर नुसतं बसता येत नाही,
मांड ठोकावी लागते.
टाकी गुडघ्यांत धरली
की इंजिनाची थरथर पोटापर्यंत चढते.
बंदरावरच्या त्या उंच पुलावर,
पहाटे तीनला, एकही गाडी नसताना...
असो.
क्लच, पोरी, क्लच!
संध्याकाळच्या गर्दीतून दोनशे वेळा दाबून घरी जा,
त्या हाताने बाटलीचं बूच निघत नाही.
सामान सगळं पाठीवर.
ऑगस्टात मांड्या भाजतात.

शहरात स्कूटरच, मी म्हटलं.
डोक्याने विचार केला तर स्कूटरच.

म्हणता म्हणता नजर खाली गेली.
तिच्या डाव्या बुटावर, अंगठ्याच्या जरा मागे,
नाण्याएवढा काळा, गुळगुळीत डाग.
गिअरचा दांडा खालून उचलून उचलून पडतो तो,
वर्षा-सहा महिन्यांत पडत नाही.
उजवा बूट स्वच्छ.

मी गप्प.
माझी बायको म्हणते, तुला इंजिनाचं दुखणं
दोन गल्ल्यांवरून कळतं, माणसाचं टेबलापलीकडून नाही.
विचारायला हवं होतं का?
कोणती होती, कुठे गेली,
विकली की आपटली,
आणि तेव्हा पुढे कोण बसायचं, मागे कोण.
तीच म्हणाली, "चावी लावून बघू?"

राखाडी, एकशे पंचवीसची,
आधीच्या मालकिणीचा स्टिकर आरशामागे अर्धा खरवडलेला.
हप्ते अठरा ठरले.
टांग टाकावी लागली नाही.
बागेतल्या बाकावर टेकावं तशी टेकली,
आणि बॅटरीची हमी किती दिवसांची, ते दोनदा विचारलं.

फेब्रुवारीत दिसली, स्टेशनसमोरच्या सिग्नलला.
उत्तरेचा वारा सुटलेला, सगळ्यांचे खांदे कानांपाशी.
पायांपाशी पावांची पिशवी,
मागची सीट रिकामी,
बूट तेच.
मी हॉर्न दिला नाही.

दिवा हिरवा झाला.
स्कूटर आपली आपण निघाली,
तिला कोणाकडून काही नको होतं.
आणि डाव्या बुटाचं टोक
हळूच वर उचललं गेलं.

तिथे काही नव्हतं.