चतुःसीमा

पाफोसच्या जमीन-कचेरीत
मी खिडकी नंबर चारवर बसते.
पंखा माझ्या बाजूला वळत नाही.

मिसेस हॅदरसेज दर मंगळवारी यायच्या.
निळी फाईल, तिचं रबर तुटलेलं,
त्या जागी नवऱ्याचा टाय गुंडाळलेला.
शेफील्डचं घर विकून
अठरा वर्षांपूर्वी पै न् पै मोजली होती दोघांनी,
आणि बिल्डरने तीच जमीन त्याआधीच
बँकेकडे गहाण टाकलेली.
चावी यांची, बोजा त्याचा,
उताऱ्यावर नावही त्याचंच.

अठरा वर्षं त्यांनी भिंती रंगवल्या,
लिंबाला पाणी घातलं,
आणि दर मंगळवारी मी सांगत राहिले,
कायद्यात तशी तरतूद नाही.
माझं इंग्रजी त्या एका वाक्यात
त्यांच्याहून सफाईदार झालं.

मग कायदा बदलला.
निकोसियात हात वर झाले, खाली आले,
सुतळीत बांधलेला राजपत्राचा गठ्ठा आला:
ज्याने पूर्ण पैसे भरले त्याचं नाव चढवा,
बँक काही का म्हणेना.
बँकेने बरंच काही म्हटलं.
तरी रांग जिन्यावरून उतरून बेकरीपर्यंत गेली.
उन्हाने भाजलेल्या मानांचे म्हातारे,
कुत्र्याला कडेवर घेतलेली एक रशियन बाई,
बैरूतचा एक दंतवैद्य, जो रांगेतच
पुढच्या माणसाची दाढ तपासत होता.

ऑक्टोबरात त्यांचा नंबर लागला.
खत वाचून दाखवायचं असतं, मी वाचू लागले:
जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाणासह,
चतुःसीमा येणेप्रमाणे.
पूर्वेस ओहोळ. पश्चिमेस पाऊलवाट.
दक्षिणेस एल्पिनिकीबाईंचा कॅरोबचा तुकडा.
उत्तरेस...

थांबा, त्या म्हणाल्या. वर डेस्मंडचं नाव आहे.
करार त्यांच्या नावे होता, मी म्हणाले.
डेस्मंड फेब्रुवारीत गेला.

म्हणजे आता वारसाचा अर्ज.
त्यात रकाना सहा.
मधल्या काळात त्यांचा देश युनियनमधून उठून गेलेला,
तेव्हा आता त्या तिसऱ्या देशाच्या नागरिक.
पहिले दोन कुठले? त्यांनी विचारलं.
फॉर्मात दिलेलं नाही.

त्या हसल्या.
मग बराच वेळ टाय सोडत आणि बांधत राहिल्या.
तुम्हाला नाही कळायचं, म्हणाल्या,
राहत्या घराचा कागद नसणं म्हणजे काय.

खिडकीवर मोजूनमापून बोलावं लागतं.
मी शिक्क्याची शाई बघत बसले.

माझ्या आईच्या उशाखाली कोचान आहे.
मालकीच्या कागदाला आम्ही अजून
तुर्की नावानेच हाक मारतो.
इंग्रजी अमदानीतला शिक्का, कडा उंदराने खाल्लेल्या.
चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टात गाव सोडलं
तेव्हा मी चार वर्षांची.
आईने चूल विझवली, कोंबड्या मोकळ्या सोडल्या,
कागद झग्याच्या अस्तरात शिवून घेतला.
पूर्वेस विहीर, पश्चिमेस दीराचा मळा,
सगळं तोंडपाठ आहे तिला,
आजचा वार विचारला तर चुकते.

फाटक उघडलं त्या वर्षी आम्ही एकदा जाऊन आलो.
घरातल्या बाईने कॉफी केली.
निघताना पिशवीभर संत्री दिली, आजोबांनी लावलेल्या झाडाची.
आईने पर्स उघडली, पैसे द्यायला.
ती बाई नको नको म्हणत आत निघून गेली.
संत्री बसमध्ये कुणी सोलली नाहीत.

रकाना सहा मी माझ्या अक्षरात भरला,
हे नियमात बसत नाही.
त्यांनी सही केली, नवऱ्याच्या नावाखाली,
थोडी जागा सोडून.

उत्तरेस काय, ते वाचायचं राहिलं तुमचं,
त्या म्हणाल्या.

मी चष्मा पुसला.
उत्तरेस रस्ता, वाचलं.
सार्वजनिक.