चार फूट

नूर फोम हाउस, जुना जालना.
बाहेर गाद्यांचे गठ्ठे, आत कूलरचं गवत,
आणि मी मागतेय
उजव्या कुशीच्या हाडापुरती मऊ जागा,
पाठीवर वाहून नेता येईल अशी,
पाचशेच्या आत.

मोबाईलवर पाहिली होती ती फुंकायची,
पेरूच्या पानासारखी हिरवी,
घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी.
चार हजार आठशे.
पगारात बसते, पण फेब्रुवारीत बसते,
आणि मला डिसेंबरात निजायचंय, अंतूरच्या किल्ल्यावर.
शिवाय आपल्या मुलखात बाभूळ आहे, बोर आहे,
हिवर आहे, पायाखाली सराटा आहे.
श्वास कशात भरून ठेवायचा
हे इथं जरा जपूनच ठरवावं.

मुजीबभाईंनी आधी पिवळी काढली, "पॅकिंगवाली, सस्ती."
दाबली. अंगठा फरशीला भेटून आला.
मग पांढरी, थर्माकोलची धाकटी बहीण, नुसती करकर.
मग काळी, दहा एमएम,
पत्र्याच्या शेडखाली ठोकतात ती.
खळगा पडला,
आणि माझ्याकडे बघत बघत भरून आला.
"ऊन अडवते, मग थंडीही अडवेल ना?"
"शेडवाल्यांनी थंडीची तक्रार कधी नाही केली, मॅडम.
जालन्यात तक्रार उन्हाचीच."

झोपून बघू का, मी विचारलं.
पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
मग त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं,
जाणाऱ्या म्हशी मोजायच्या असल्यासारखं,
आणि मी, दवाखान्यात गोळ्या मोजून देणारी,
एकेचाळीस वर्षांची,
भर बाजारात साडेअकराला
चपला काढून कुशीवर निजले.

खालून दुकान वेगळंच असतं.
गाद्यांच्या पोटावरची शिवण, काउंटरखाली जेवणाचा डबा,
कोपऱ्यात याच काळ्याचा झिजलेला तुकडा,
वर पोऱ्याची दुमडलेली चादर.
हाडानं शंभरपर्यंत मोजलं आणि काही बोललं नाही.
"चक्कर आली का बाईंना?" कुणी गिऱ्हाईक.
"नहीं," मुजीबभाई पाठमोरेच, "माल देख रहे."

रोलमध्ये साडेपाच फूट उरली होती.
मी म्हटलं, चारच द्या.
खांदा, कंबर, कुल्ला, बस्स.
गुडघ्याखालचं रिकाम्या सॅकवर टाकीन,
वजन वाचेल, पैसे वाचतील.
कात्री थांबली.
"पाँव भी तो आपकेच हैं ना?"
तीनशे वीस. सुतळी फुकट.

अंतूरचा काळा दगड
दिवसभराची ऊब रात्री दहापर्यंत उसनी देतो,
मग एकेक करून परत मागतो.
अडीचला शेजारून बारीक शीळ आली.
सुशीलाताईंची हिरवी, नवीकोरी,
भावाने पुण्याहून पाठवलेली,
कुठल्याशा काट्याला गुपित सांगत होती.
त्या उठून फुंकत, आडव्या होत, परत उठत,
शाळेत मुख्याध्यापिका असलेली बाई,
टॉर्च तोंडात धरून भोक शोधत.

मी माझी काळी आडवी केली.
लांबीची रुंदी झाली, रुंदीची लांबी.
चार फुटांत दोन कुशी मावल्या, दोघींच्या पाठी एकमेकींना लागून.
"केवढ्याला?" अंधारातून.
सांगितलं.
बराच वेळ काही नाही. मग हसणं,
दाबलेलं, खळग्यासारखं हळूहळू वर येणारं.
"आणि हिच्यातली हवा गेली तर?"
भरलीच नाही, ताई, तर जाईल कशी?

पहाटे चारही पाय बर्फ.
मुजीबभाईंचं खरं होतं,
पाय आमचेच होते.

सोमवारी उरलेला दीड फूट मागायला गेले.
पोऱ्या त्याच्यावर मांडी घालून जेवत होता,
भाकरी, ठेचा, मांडीशी पाण्याचा तांब्या.
"क्या होना, मॅडम?"
मी म्हटलं, कूलरचं गवत कसं दिलं?
डिसेंबरात.
त्यांनी भाव सांगितला, अगदी गंभीर चेहऱ्यानं.