बारा मायक्रॉन

वाळूजला समुद्र नाही.
कंपनीच्या मागं नाला आहे, त्याला रंग आहेत,
सोमवारचा वेगळा, गुरुवारचा वेगळा.
तरी आमच्या शेडमध्ये आठ महिने झाले
जहाजाचं काम चालू आहे.

अख्खं जहाज नव्हे.
पोटाखाली त्याला दोन्ही अंगांना पंख असतात,
लाट आली की ते हलतात आणि जहाज डुलत नाही.
त्या पंखाचा दांडा आमचा.
व्यास एकशे ऐंशी, कमीजास्त बारा मायक्रॉन.
डोक्याचा केस सत्तर असतो.

मी मोजतो.
बाहेर बेचाळीस असताना
वीस अंशांच्या काचेच्या खोलीत
स्वेटर घालून मोजतो.

ड्रॉइंगवर जहाजाचं नाव नाही, मालकाचं तर नाहीच.
पॅकिंगला रोहिदास तारू आहे, भोयाचा पोरगा,
त्याच्या आडनावावरून आम्हीच म्हणतो, तारू.
तारूची लांबी एकशे सव्वीस मीटर.
"लई झालं की ओ हे," मन्मथ हालगे म्हणाला.
उदगीरकडचा माणूस,
आकडा पायात उतरल्याशिवाय पटत नाही त्याला.
जेवणाच्या सुट्टीत गेटपासून निघालो :
वॉचमनची केबिन, भंगारवाल्याचा काटा,
पंक्चरची दोन दुकानं, लिंबाखालचा चहा.
संपलं असेल, मला वाटलं.
"अजून अठ्ठावीस पावलं," म्हणाला,
आणि जाऊन थेट दुभाजकावर उभा राहिला,
हाताची घडी घालून, कप्तान.
मागून टँकरवाला हॉर्न बडवत होता.

रात्री मोबाईलवर तसली जहाजं बघतो आम्ही.
तरणतलावाचा तळ वर येतो, पाणी कुठंतरी निघून जातं,
त्याच्यावर हेलिकॉप्टर उतरतं.
खाऱ्याचं गोड करायचं यंत्र, दिवसाला साठ हजार लिटर
(आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा, पाऊण तास).
त्याचंही एवढं नवल नाही वाटलं.
नवल वाटलं ते याचं, की
नांगर न टाकता ते उभं राहतं.
उपग्रहाला विचारत राहतं, मी कुठं आहे, मी कुठं आहे,
आणि वारा ढकलेल तितकंच
खालचे पंखे उलट ढकलतात.
रात्रंदिवस एवढी खटपट
एका जागी राहण्यासाठी.
हे मात्र मला लगेच कळलं.
अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर
नऊ वर्षं मी याच खोलीत आहे.

मार्चमध्ये एक दांडा चौदा निघाला.
पुसून, थांबून, प्रोब बदलून
तीनदा मोजला. चौदा.
साहेब म्हणाले, "समुद्राखाली कोण बघायला बसलंय?"
मी लाल टॅग लावला.
कुणाचा पेला कलंडू नये म्हणून?
खोटं कशाला बोलू, पेला-बिला मनात नव्हता.
चौदा म्हणजे चौदा.
त्या महिन्याचा बोनस गेला.

तो दांडा दारापाशी पडून आहे, सव्वादोनशे किलो.
त्यावर बसून चहा पितो दुसरी पाळी.
आरशासारखा आहे,
चेहरे लांबुळके दिसतात, सगळ्यांचेच.

पेट्यांमधला उरलेला थर्माकोल रोहिदास नेतो.
चार तुकडे सुतळीनं आवळायचे,
जायकवाडीच्या फुगवट्यात जाळं टाकायला तेवढं पुरतं.
एका रविवारी मीही गेलो.
उकिडवा बसलो, दोन्ही हातांनी कडा धरून,
मोजायला काही नव्हतं,
पाणी आलं तसं खालून निघून जात होतं.
म्हटलं, रोहिदास, लई डुलतंय रे.

तो जाळं सोडत होता. मागं न बघता म्हणाला,
"डुलू दे की.
डुललं नाय, तर मासा लागल्याचं
कळायचं कसं?"